परिपाठातला दिनविशेष: कोऱ्या रजिस्टरपासून फळ्यापर्यंत

नवीन शाळेत हजर झालात की पहिल्या आठवड्यातच एक काम गळ्यात पडतं. "सर, दिनविशेष तेवढा तुम्ही बघा." कपाटातून एक पुस्तिका निघते, कव्हर गेलेलं, कोपरे कुरतडलेले. त्यातलं आजचं पान फळ्यावर उतरवायचं आणि परिपाठात एका मुलानं ते वाचायचं. मागची रांग एकमेकांच्या टाचा तुडवत असते आणि पुढे कुणीतरी एका दमात म्हणत असतं, "१५७१ केप्लर यांचा जन्म १७९७ मिर्झा गालिब यांचा जन्म १८२२ लुई पाश्चर यांचा जन्म..." कुठे श्वास नाही, कुठे अर्थ नाही.

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली सहा वर्षं असाच दिनविशेष चालवला. मग एक दिवस चौथीतल्या पोरानं विचारलं, "गुरुजी, आपला गावना कोनी नही का यामा?" पुस्तिका चाळली. पॅरिस होतं, लंडन होतं, पुणे-मुंबई तर होतीच. धरणगाव, असोदे, फैजपूर, नंदुरबार यांतलं एकही नाव नव्हतं. त्या सुट्टीत मी स्वतःची वही करायला बसलो. तीच रीत पुढे सांगतोय.

पहिलं काम: रजिस्टर

दोनशे पानांची दोन जाड रजिस्टरं घ्या. एक पान एक तारीख, ३६६ पानं. २९ फेब्रुवारी विसरू नका, मोरारजी देसाईंचा जन्म त्याच तारखेचा आहे, १८९६ चा. उरलेली चौतीस पानं तशीच राहू द्या, ती तिथींसाठी लागतील. पानाच्या वर तारीख आणि महिना एवढंच लिहा, वर्ष नाही. खाली नोंदी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती कुठून घेतली याची खूण हवी: विश्वकोश असेल तर 'वि', जिल्हा गॅझेटियर असेल तर 'गॅ', पाठ्यपुस्तकातला लेखक-परिचय असेल तर 'पा'. मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डला मी खूण दिलेली नाही, कारण तिथून मी काही घेतच नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी "या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार, असं ८२३ वर्षांतून एकदाच होतं" असा निरोप फिरतो. एकतीस दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की हे होणारच. जुलै २०२२ मध्ये झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये परत झालं. ज्या हातांनी तो निरोप पुढे जातो, त्याच हातांनी दिनविशेषही पुढे जातात.

पक्की नोंद पेनानं, कच्ची पेन्सिलीनं. हा एक नियम पाळलात तरी निम्म्या चुका टळतात.

दुसरं काम: आधी आपली पानं भरा

जगाच्या नोंदी कुठेही मिळतात. खानदेशच्या शोधाव्या लागतात, म्हणून सुरुवात तिथून करा. मी बसलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की डिसेंबर महिना जवळजवळ आपलाच आहे. ३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन (१९५१). १९ डिसेंबर १९३४ ला प्रतिभाताई पाटलांचा जन्म. २४ ला साने गुरुजींची जयंती (१८९९). २७ ला फैजपूरला भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन (१९३६). २८ ला नंदुरबारच्या शिरीषकुमारची जयंती (१९२६). २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी कंपनी नोंदली गेली, तीच पुढची विप्रो. आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात गेले. शाळेत थंडीनं पोरं कुडकुडत असतात, तेव्हा सांगायला इतकं आहे.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. साने गुरुजी जन्मले पालगडला, कोकणात. राजवाडेही मूळचे इकडचे नव्हेत. पण गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. तेव्हा 'जन्मगाव' या एका रकान्यावर माणूस कुणाचा ते ठरवू नका. विश्वेश्वरय्यांचंच बघा. १५ सप्टेंबरला अभियंता दिन आला की सगळे म्हैसूर सांगतात. तरुणपणी ते खानदेशात सरकारी इंजिनिअर होते, हे साक्री तालुक्यातल्या मुलाला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट गावाच्या पत्त्याची. बालकवी १३ ऑगस्ट १८९० ला धरणगावात जन्मले, पण तेव्हा जळगाव जिल्हा नव्हता. एकच खानदेश जिल्हा होता, ठाणं धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग १९०६ साली झाले, त्यांची जळगाव आणि धुळे ही नावं १९६० ची, आणि नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणून जुन्या नोंदीत 'आताचा जळगाव जिल्हा' असं लिहायचं. पोरं विचारतात, "आताचा म्हणजे?" आणि तिथून पाच मिनिटांचा इतिहासाचा तास फुकटात होतो.

तिसरं काम: तपासणी

इथे घाई करू नका. हेच खरं काम आहे.

दोन पुस्तकांत एकच तारीख मिळाली म्हणजे ती पक्की, असं मी आधी समजत होतो. पण दुसऱ्या पुस्तकानं पहिल्यावरूनच उतरवलेलं असतं. म्हणून तारखेला आतून ठोकून बघायचं. मडकं घेताना टिचकी मारतो तसं.

पहिली टिचकी वाराची. कुठे वार दिला असेल तर सोनं समजा. १९०१ ते २०९९ मध्ये दर २८ वर्षांनी तेच कॅलेंडर परत येतं. विनोबांचं पहिलं गीता प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ चं. प्रवचनं रविवारी होत, मग त्या तारखेला रविवार होता का? १९३२ मध्ये २८ तीनदा मिळवा, २०१६ येतं. मोबाइलच्या कॅलेंडरात २१ फेब्रुवारी २०१६ उघडा: रविवार. बसलं. फैजपूरचंही तसंच बघा, २७ डिसेंबर १९३६ साठी २०२० उघडा, तोही रविवार निघतो.

दुसरी टिचकी तिथीची, आणि तिच्यामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. फळ्यावर मी लिहिलं होतं, "बहिणाबाई चौधरी, जन्म २४ ऑगस्ट १८८०, नागपंचमीच्या दिवशी." पुस्तिकेत तसंच होतं. नातवाला सोडायला आलेल्या एक आजी फाटकाशी थांबून फळा वाचत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, नागपंचमी इतकी उशिरा येते का कधी? मग कानबाई कधी बसवायची?" कानबाई म्हणजे खानदेशात श्रावणात घरी बसवतात ती देवी. तिचा रविवार नागपंचमीच्या मागोमाग असतो, आणि त्यांच्या घरी कानबाई असल्यानं हा हिशेब त्यांच्या बोटांवर होता. माझ्या कुठेच नव्हता.

घरी येऊन पाहिलं. तिथी आणि तारीख यांची सांगड दर १९ वर्षांनी जवळपास तीच येते, एखाद्या दिवसाचा फरक धरायचा. १८८० मध्ये १९ सात वेळा मिळवले की २०१३. त्या सालची नागपंचमी ११ ऑगस्टला होती. म्हणजे १८८० ची नागपंचमीही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली, चोवीस तारखेला तर वद्य पक्ष लागून गेलेला. दोन्ही माहित्या एकाच वेळी खऱ्या असणं जमत नाही. आता मी फळ्यावर २४ ऑगस्ट १८८०, असोदे एवढंच लिहितो, कारण जयंती त्याच तारखेला पाळतात. नागपंचमीचं तोंडी सांगतो, आणि दोन्ही जुळत नाहीत हेही सांगतो. सातवीच्या मुलांना जयंतीइतकीच ती १९ ची बेरीज आवडते.

तिसरी टिचकी कॅलेंडरची, ती थोडक्यात. युरोपात जुनं ज्युलियन कॅलेंडर जाऊन ग्रेगोरियन आलं, पण सगळीकडे एकदम नाही. इंग्रजांनी १७५२ साली बदललं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून न्यूटनचा जन्म कुठे २५ डिसेंबर १६४२ दिसतो, कुठे ४ जानेवारी १६४३. दोन्ही बरोबर. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या कॅलेंडरची आहे, तिथी फाल्गुन वद्य तृतीया. गावात यावरून वाद निघाला तर दिनविशेषवाल्या सरांनी मध्ये पडू नये, हा अनुभवाचा सल्ला.

चौथं काम: निवड

एका पानावर वीस नोंदी जमतात आणि फळ्यावर तीन मावतात. २७ डिसेंबरचंच पान घेऊ. माझ्या रजिस्टरमध्ये तिथे आज इतकं आहे: केप्लर (१५७१), गालिब (१७९७), पाश्चर (१८२२) आणि पंजाबराव देशमुख (१८९८) यांचे जन्म. १८३१ ला डार्विनला घेऊन 'बीगल' जहाज इंग्लंडहून निघालं. १९११ ला 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं. १९३६, फैजपूर. १९६५, सलमान खानचा जन्म. १९६८ ला चंद्राला फेऱ्या मारून अपोलो ८ समुद्रात उतरलं. २००७ ला बेनझीर भुट्टोंची हत्या झाली.

पहिली निवड सोपी, फैजपूर. दुसरी शोधताना मला जे सापडलं त्यानं मी स्वतःच खूश झालो. 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं तेही काँग्रेसच्याच अधिवेशनात, कलकत्त्याला. १९११ आणि १९३६. बरोबर पंचवीस वर्षं, तीच तारीख, एकदा राजधानीचं शहर आणि एकदा यावल तालुक्यातलं गाव. (कलकत्ता राजधानी राहणार नाही, दिल्ली होणार, ही घोषणा त्याच महिन्यात झाली होती, पण ते आठवीसाठी ठेवा.) परिपाठात मुलं जे राष्ट्रगीत म्हणतात, त्याचाच तो दिवस. या दोन नोंदी एकमेकींचा हात धरून येतात. अशी जोडी मिळाली की बाकीच्यांचा मोह सोडायचा.

तिसरी नोंद मुलांच्या अंगाला लागणारी हवी. मी पाश्चर घेतो. १८८५ मध्ये त्यानं रेबीजची लस पहिल्यांदा दिली ती नऊ वर्षांच्या मुलाला, कुत्र्यानं चावलेल्या. आमच्या गावात कुत्रं चावून दवाखान्यात सुया घेतलेली दोन पोरं रांगेत असतातच, ती लगेच हात वर करतात. पुढच्या वर्षी त्या जागी पंजाबराव येतील, अमरावती जिल्ह्यातले, देशाचे कृषिमंत्री झालेले. कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलांना ते कळायला हवेत. त्याच्या पुढच्या वर्षी केप्लर. अशी फिरती ठेवली की एका मुलाच्या शाळेच्या काळात पान निम्म्याहून जास्त वाचून होतं.

आणि सलमान खान? घ्या की, तोंडी. पोरांना ते आधीच माहीत असतं. "आज आणखी कुणाचा वाढदिवस?" एवढं विचारलं की सगळी रांग जागी होते, आणि ती जागी असतानाच फैजपूर सांगून टाकायचं.

काही तारखा सुट्टीत जातात. साने गुरुजींचा स्मृतिदिन ११ जूनला (१९५०), तेव्हा शाळा उघडलेली नसते, त्यांचं सगळं २४ डिसेंबरला घ्या. त्याच दिवशी मोहम्मद रफींची जयंती (१९२४) आणि ग्राहक दिनही आहे, पण मी त्या दिवशी तीनचा नियम मोडतो आणि गुरुजी एकटेच घेतो. अमळनेर तालुक्यात दुसरं काही केलं तर पालकच विचारतील. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती म्हणून शाळेत कार्यक्रम असतो, दिनविशेष त्यात बुडून जातो. त्या तारखेचं एक वेगळं प्रकरण आहे, ते मी आदल्या दिवशी सांगतो: १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, आणि त्याच दिवशी इकडे शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रजांचा खजिना लुटला. दिवस एक, साल एक.

पाचवं काम: लिहिणं आणि वाचणं

माझा २७ डिसेंबरचा फळा असा असतो:

आज २७ डिसेंबर.
१९११: कलकत्त्याला काँग्रेसच्या अधिवेशनात 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं.
१९३६: आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची.
१८२२: लुई पाश्चर यांचा जन्म. कुत्रं चावल्यावर घेतात त्या लशीचा शोध यांचा.

क्रम सालाचा नाही, सांगण्याचा आहे. 'थोर', 'महान', 'अलौकिक' हे शब्द नाहीत. जागा कमी असते, त्या जागेत नंदलाल बोस मावतात. 'आपल्या' हा शब्द मात्र ठेवलाय, तो कुणी काढायला सांगितला तरी काढणार नाही.

शब्दांत एक चूक फार होते. हयात माणसाचा वाढदिवस असतो, जयंती नसते. भालचंद्र नेमाडे २७ मे १९३८ ला यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मले. त्यांच्या पानावर 'वाढदिवस' असंच लिहायचं. एका शाळेत एका हयात लेखकाची चक्क पुण्यतिथी फळ्यावर लागलेली मी पाहिली आहे. पुस्तिकेतल्या दोन ओळी एकमेकींत घुसल्या होत्या. खडू मीच पुसला आणि कुणाला काही बोललो नाही.

वाचणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी चिठ्ठी द्या. सकाळी फळ्यावरून वाचायला लावलं तर ते 'एक नऊ तीन सहा' असं वाचतं. घरी दोनदा मोठ्यानं वाचून आलं की 'एकोणीसशे छत्तीस' येतं. सगळं एका मिनिटात बसलं पाहिजे, उन्हात त्याहून जास्त कुणी ऐकत नाही.

मुलांचे वाढदिवस आणि १ जूनची भानगड

दिनविशेषात त्या दिवशी वाढदिवस असलेल्या मुलाचं नाव घ्या. बालकवी १३ ऑगस्टचे, आचार्य अत्रेही १३ ऑगस्टचे (१८९८), अहिल्याबाई होळकरांचा स्मृतिदिनही तोच (१७९५), आणि त्याच ओळीत "आणि आपल्या पाचवीतल्या अमुकचा वाढदिवस" असं आलं की ते पोर दिवसभर तरंगत असतं. 

पण हजेरीपटावर विसंबू नका. जुन्या काळी गुरुजी पोरगं दाखल करताना उंची बघून साल ठरवायचे आणि तारीख १ जून टाकायचे. म्हणून तर ३१ मेला अख्ख्या तालुक्यात निरोपसमारंभांची रांग लागते. माझीही कागदावरची जन्मतारीख १ जूनच आहे. आई सांगायची, "आखाजीले दोन दिन बाकी व्हतात." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, साल माहीत होतं, त्यावरून मी माझा खरा दिवस काढला. तोही मेमधला निघाला. १ जूनच्या पानावर मी आता एस.टी.ची नोंद घातली आहे. १९४८ साली त्या दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. आम्हा सगळ्या १ जूनवाल्यांची ती सोबतीण.

आता मोकळी ठेवलेली ती चौतीस पानं. आखाजी, कानबाई, पोळा, वारी हे सगळं तिथे, तिथीनं. त्यांना तारखेच्या पानावर घालू नका, पुढच्याच वर्षी चुकेल. दर वर्षी पंचांग आलं की त्या वर्षीची तारीख समासात पेन्सिलीनं लिहायची.

शेवटचं: गावातले दगड

रजिस्टर निम्मं भरलं की मुलांना गावात सोडा. पुलावरची पाटी, पाण्याच्या टाकीवरचं उद्‌घाटनाचं नाव, विहिरीच्या तोंडाशी कोरलेलं साल, देवळाच्या पायरीवरचा शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, चैत्र पाडव्याच्या आधीचे शेवटचे दोन-अडीच महिने असतील तर ७९. आजोबांना विचारायचं, गावात वीज कधी आली, पहिली एस.टी. कधी आली. उत्तर "मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढल्या साली" असं येतं, ते तसंच पेन्सिलीनं लिहून घ्यायचं. नंदुरबारजवळच्या शाळांना तर चौकात उभं राहून ९ सप्टेंबर १९४२ सांगता येतो, जिथे शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीला बळी पडले.

आमच्या शाळेच्या भिंतीत दाराच्या उजव्या हाताला एक कोनशिला आहे. दर रंगरंगोटीला तिच्यावरही हात फिरलेला, आधी पिवळा, मग गुलाबी, वर ऑइलपेंट. सहावीच्या तिघांनी मधल्या सुट्टीत रुपयाच्या नाण्यानं खरवडायला घेतली. मुख्याध्यापक ओरडले, मग स्वतःच चष्मा लावून वाकले. १९५७ निघालं. महिना मार्च आहे की मे यावर वर्गात दोन तट पडले आहेत, आणि तारखेचा आकडा अजून रंगाखालीच आहे. म्हणून ती नोंद सध्या कुठल्याच पानावर नाही. तिची चिठ्ठी रजिस्टरच्या कव्हरात, आतल्या बाजूला टाचणीनं लावलेली आहे.